ड्रीमवीव्हर ८ मधली जुनी साइट नव्या ड्रीमवीव्हरमध्ये आणताना: आधी काय, मग काय

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची साइट मी २००६ पासून सांभाळतोय. ड्रीमवीव्हर ८ मध्ये बनवलेली, म्हणजे मॅक्रोमीडिया कंपनीचं वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर. ॲडोबीने मॅक्रोमीडिया २००५ च्या डिसेंबरात विकत घेतली, पण माझ्याकडच्या सीडीवर नाव मॅक्रोमीडियाचंच होतं. पानं साधारण १४०, सगळी टेबलात बसवलेली, वर फायरवर्क्समध्ये (मॅक्रोमीडियाचंच चित्रांचं सॉफ्टवेअर) कापून आणलेला हेडर, डावीकडे माऊस नेला की उघडणारा मेनू आणि सगळा मराठी मजकूर शिवाजी फॉन्टात. कितीतरी वर्षं हेच चाललं.. महिन्यातून एकदा नवीन पुस्तकांची यादी आली की टेम्पलेटवरून, म्हणजे पानाच्या साच्यावरून, पान काढायचं, यादी चिकटवायची, पुट (सर्व्हरवर चढवायचं बटण) दाबायचं, झालं. मग ज्या एक्सपीच्या मशीनवर हे होतं त्याचा मदरबोर्ड गेला आणि नव्या लॅपटॉपवर ड्रीमवीव्हर २०२१ टाकून बसलो तर पहिला दिवस 'मॉडिफाय' मेनू शोधण्यातच गेला.

नवं सॉफ्टवेअर अवघड नाहीये. दोन-तीन दिवसांत हात बसतो. मला जो त्रास झाला तो क्रम चुकल्यामुळे झाला, जे शेवटी करायचं ते मी उत्साहात आधी केलं आणि मग निस्तरत बसलो. म्हणून हे लिहितोय, ज्यांच्याकडे अशी शाळेची, पतसंस्थेची, मंडळाची जुनी साइट अंगावर पडलेली आहे त्यांच्यासाठी. सगळं पाडून वर्डप्रेसमध्ये बांधा असं कोणीतरी सांगेलच, तेही चुकीचं नाही, पण १४० पानं आणि महिन्याला एक बदल एवढंच असेल तर जुन्या पद्धतीतला चांगला भाग ठेवून बाकीचं बदलता येतं.

आधी दोन्हीकडचा माल गोळा करा

सर्व्हरवरची कॉपी एक आणि जुन्या हार्डडिस्कवरची एक, दोन्ही पाहिजेत. मशीन बंद पडलं असलं तरी डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते, ती काढून यूएसबी केसिंगमध्ये घालायची. सर्व्हरवरचीच घेतली तर काय होईल, की पानं सगळी मिळतील पण 'टेम्पलेट्स' (साचे) आणि 'लायब्ररी' (अनेक पानांत येणारे सामायिक तुकडे) हे दोन फोल्डर मिळतीलच असं नाही, कारण शहाण्या माणसाने ते कधी अपलोड केलेले नसतात. आणि डिस्कवरचीच घेतली तर मधल्या काळात कोणी परस्पर सर्व्हरवर एखादं पान बदललं असेल ते हातातून जाईल. दोन वेगळ्या फोल्डरात ठेवा, तारखा बघून मेळ घाला. आणि तिसरी एक कॉपी करून तिला 'जुनी - हात लावू नये' असं नाव द्या, ही कॉपी आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे, का ते फॉन्टच्या भागात सांगतो.

त्या दोन फोल्डरांची नावं बदलायची नाहीत, जागाही नाही. साइटच्या अगदी मुळाशी असले पाहिजेत आणि नावात पहिलं अक्षर कॅपिटल, जसं होतं तसंच. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये आपण कुठल्या टेम्पलेटवरून आलोय त्याचा पत्ता कॉमेंटमध्ये लिहिलेला असतो, फोल्डर हलला की पान पोरकं होतं. मधेमधे '_नोट्स' नावाचे फोल्डर दिसतील, ड्रीमवीव्हर आपल्या नोंदी तिथे ठेवतं, त्यांची गरज नाही.

साइट डेफिनिशन, म्हणजे साइट कुठे ठेवलीय ते ड्रीमवीव्हरला सांगणं, पुन्हा करायला लागेल. जुन्या मशीनवर कधी मॅनेज साइट्समधून एक्स्पोर्ट केलेलं असेल तर एसटीई एक्स्टेंशनची छोटी फाइल सापडेल, ती नव्यात इम्पोर्ट होते. नसेल तर रडण्यासारखं काही नाही. साइटचं नाव आणि लोकल फोल्डर एवढे दोनच खण भरले की काम सुरू करता येतं, सर्व्हरचं नंतर बघा. खरंतर नंतरच बघा. मी पहिल्याच दिवशी सर्व्हर जोडला आणि अर्धवट पान सवयीने पुट करून मोकळा झालो, दुपारी वाचनालयातून फोन, की साहेब पान कोरं दिसतंय.

सर्व्हर जोडताना एक बदल लक्षात घ्या, साधं एफटीपी (फाइली चढवायची जुनी पद्धत) आता बरेच होस्टवाले बंद करून बसलेत, तेव्हा कनेक्ट होत नसेल तर पासवर्डला दोष देण्याआधी प्रोटोकॉलच्या यादीत एसएफटीपी (सुरक्षित पद्धत) निवडून बघा, पोर्ट बहुतेक २२.

कुठे काय गेलं

नवं ड्रीमवीव्हर उघडल्यावर दोन वर्कस्पेस विचारतं, डेव्हलपर आणि स्टँडर्ड. आपल्यासारख्यांनी स्टँडर्ड घ्यायचा. डेव्हलपर घेतला तर नुसता काळा कोड समोर येतो आणि डिझाइन व्ह्यू काढूनच टाकला की काय असं वाटतं. काढलेला नाही. वर जिथे 'लाइव्ह' लिहिलंय तिथे शेजारी बारीक बाण आहे, त्यात 'डिझाइन' सापडेल. लाइव्ह म्हणजे खरा ब्राउझर दाखवेल तसं पान, डिझाइन म्हणजे आपला जुना ओळखीचा कागद. यादी चिकटवायला मी अजून डिझाइनच वापरतो, दिसायला कसं आलं ते बघायला लाइव्ह.

खालची प्रॉपर्टीजची पट्टी गायब असते, विंडो मेनूतून प्रॉपर्टीज, किंवा कंट्रोल एफ३. ही पट्टी आली की अर्धं घर सापडल्यासारखं वाटतं.

'मॉडिफाय' आणि 'कमांड्स' हे मेनू आता नाहीत. टेम्पलेट आणि लायब्ररीचं सगळं 'टूल्स' मध्ये गेलंय, पेज प्रॉपर्टीज 'फाइल' मध्ये, शोधाशोधीचा 'फाइंड' असा वेगळाच मेनू झालाय. टेम्पलेटवरून नवीन पान काढायचं असेल तर फाइल, न्यू, आणि तिथे डावीकडे 'साइट टेम्पलेट्स'. सीएसएसचं (पान कसं दिसावं त्याचे नियम) जुनं पॅनल जाऊन २०१३ च्या सीसी आवृत्तीपासून सीएसएस डिझायनर आलं, ते मला आजतागायत आवडलेलं नाही, मी सरळ सीएसएसची फाइल उघडून हाताने लिहितो. लेयर काढून ओढायची सोय, लेआउट मोड, स्प्राय (तयार मेनू-फॉर्मची सोय) ही मंडळी गेली ती गेली. त्यांनी बनवलेला कोड मात्र पानात तसाच राहतो, चालायचं तितकं चालतो.

एफ१२ दाबला की ब्राउझरमध्ये पान उघडतं ते अजून आहे. भर म्हणजे खाली उजव्या कोपऱ्यात प्रिव्ह्यूचं चिन्ह आहे, त्यात क्यूआर कोड येतो, फोन त्याच वायफायवर असेल तर स्कॅन करून पान फोनवर बघता येतं आणि इकडे सेव्ह केलं की तिकडे बदलतं. नव्या आवृत्तीतली मला मनापासून पटलेली गोष्ट ही एकच.

टेम्पलेट: पानांना हात न लावता पानं बदलायची

आता मुख्य काम. १४० पानं मोबाइलवर नीट दिसायला पाहिजेत आणि १४० पानं उघडायची तर नाहीत. टेम्पलेटवरून बनवलेल्या पानात काय असतं, की काही जागा मोकळ्या असतात, एडिटेबल रीजन, तिथे त्या त्या पानाचा मजकूर, आणि बाकी सगळं कुलूपबंद. कुलूपबंद भाग टेम्पलेटमध्ये बदलला की सगळीकडे बदलतो. म्हणजे टेबलाचा सांगाडा टेम्पलेटमध्येच असेल तर एका फाइलीत तो काढून टाकायचा, साध्या हेडर, मेनू, मजकूर आणि फुटर अशा ब्लॉकमध्ये बांधायचा आणि सेव्ह करायचं. ड्रीमवीव्हर विचारतं, यावर आधारलेली पानं अपडेट करू का, हो म्हणायचं.

यात एकच खाचखळगा आहे पण तो खोल आहे. रीजनची नावं बदलायची नाहीत. माझ्या जुन्या टेम्पलेटमध्ये मजकुराच्या रीजनचं नाव होतं 'एडिटरीजन३', दिसायला इतकं गबाळं की मी सांगाडा नव्याने बांधताना त्याचं 'मेन' करून टाकलं. सेव्ह केलं, अपडेट म्हटलं, आणि एक डबी उघडली, 'इनकन्सिस्टंट रीजन नेम्स'. ती डबी विचारत असते की जुन्या रीजनमधला मजकूर आता कुठे टाकू. यादीत नवीन रीजनची नावं असतात आणि एक पर्याय असतो 'नोव्हेअर'. नोव्हेअर म्हणजे तो मजकूर फेकून द्यायचा, त्या पानापुरता कायमचा. आणि शेजारी 'यूज फॉर ऑल' असं बटण आहे. आता तुम्हीच विचार करा, घाईत असलेला माणूस नोव्हेअर निवडून यूज फॉर ऑल दाबून बसला तर काय होईल.. १४० कोरी पानं. मी नशिबाने थांबलो, डबी बंद केली, नाव परत 'एडिटरीजन३' केलं. दिसू दे गबाळं, वाचकाला थोडीच दिसतंय. नाव बदलायचंच असेल तर त्या डबीत जुन्या नावापुढे नवं नाव नीट निवडायचं, एका पानावर करून बघायचं आणि मगच सगळ्यांना लावायचं.

काही पानं टेम्पलेटवर नसतातच. कोणीतरी घाईत दुसऱ्या पानावरून सेव्ह ॲज केलेली, किंवा टेम्पलेटपासून तोडलेली असतात. अशी माझ्याकडे अकरा निघाली. ती शोधायची पद्धत म्हणजे अपडेटचा जो अहवाल येतो त्यात किती फाइली तपासल्या आणि किती बदलल्या ते आकडे बघायचे, आणि उरलेली हाताने करायची, इलाज नाही.

टेम्पलेटमध्ये आणखी तीन गोष्टी टाकायच्या. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, तो नसला की फोन पान डेस्कटॉपच्या रुंदीचं समजून बारीक करून दाखवतो. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८. आणि वरच्या एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी, म्हणजे लँग बरोबर एम आर. शेवटचं लोक विसरतात, पण ज्या फॉन्टमध्ये सोय असते तो फॉन्ट भाषा बघून मराठी वळणाचा ल आणि श दाखवतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो आणि वाचनालयाच्या जुन्या सभासदांना ते लगेच खटकतं.

डॉकटाइपपण (पान कुठल्या एचटीएमएलचं ते सांगणारी पहिली ओळ) बदलायचा, जुन्या पानांवर तो अर्धवट असतो किंवा नसतोच, त्यामुळे ब्राउझर जुन्या काळात गेल्यासारखा वागतो. अपडेट झाल्यावर दोन-चार पानांचा कोड उघडून पहिली ओळ खरंच बदललीय का बघा, नसेल तर फाइंड इन फाइल्सने बदला. आणि डॉकटाइप बदलल्या बदलल्या घाबरू नका, कारण हेडरचे तुकडे उसवलेले दिसतील. माझा हेडर सात स्लाइसचा होता, टेबलाच्या सात खणांत सात चित्रं, वर्षानुवर्षं अखंड दिसायचं. नवा डॉकटाइप घातला आणि प्रत्येक तुकड्याखाली तीन-चार पिक्सेलची पांढरी फट. मला वाटलं चित्रं बिघडली. तसं नसतं, चित्र हे अक्षरासारखं ओळीत बसतं आणि अक्षराच्या खाली जी जागा सुटते तशी त्याच्याखाली सुटते, जुन्या मोडमध्ये ब्राउझर ती जागा गिळून टाकायचा. त्या टेबलातल्या चित्रांना सीएसएसमध्ये डिस्प्ले ब्लॉक दिलं की फट मिटते. हा तात्पुरता उपाय, हेडर नंतर बदलायचाच आहे, पण मधल्या काळात साइट लाज आणणार नाही.

फॉन्ट, म्हणजे खरं दुखणं

शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी, सुरेख, कुठलाही जुना फॉन्ट असो, आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा उतरतो आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा भाजीपाला दिसतो. फोनवर तो फॉन्ट नाही, म्हणजे फोनवर साइट वाचताच येत नाही, आणि गूगललाही त्यात मराठी दिसत नाही. तेव्हा युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, आणणं भागच आहे.

इथे मी क्रम चुकलो. नव्या ड्रीमवीव्हरमध्ये कोड बघितला, जिकडेतिकडे फॉन्ट टॅग, म्हटलं आधी ही जळमटं काढू. काढली. आणि मग लक्षात आलं की कुठला मजकूर शिवाजीत आहे आणि कुठला साध्या एरियलमध्ये, इंग्रजीत आहे, हे सांगणारी खूण तीच होती. लेखकाचं नाव मराठीत, पुढे कंसात प्रकाशनाचं इंग्रजी नाव, पुढे किंमत.. सगळं एकजात झालं. हात लावू नये ती कॉपी होती म्हणून वाचलो. तेव्हा फॉन्ट टॅग शेवटी काढायचे, मजकूर बदलून झाल्यावर.

मजकूर उचलायचा तोही त्या जुन्या कॉपीतून. जुना टीटीएफ फॉन्ट नव्या मशीनवर टाका, जुनं पान ब्राउझरमध्ये उघडा, मराठी नीट दिसतंय ना बघा, आणि तिथून उतारा उतारा सिलेक्ट करून कन्व्हर्टरमध्ये (जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारं साधन) टाका. कोडमधून उचलायचं नाही. एक तर कन्व्हर्टर बिचारा टॅगचंही मराठी करून ठेवतो, 'टेबल' या शब्दाचं काय होतं ते मी इथे लिहूही शकत नाही, आणि दुसरं म्हणजे जुन्या ड्रीमवीव्हरने वरच्या टप्प्यातली अक्षरं कोडमध्ये अँपरसँड लावून लांबलचक नावाने लिहिलेली असतात, ती कन्व्हर्टरला कळत नाहीत. ब्राउझरमधून कॉपी केलं की खरं अक्षर येतं.

कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने टाइप व्हायची, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो. 'वार्षिक' हा शब्द घ्या. जुन्यात व, काना, मग पहिली वेलांटी, मग ष, मग त्याच्या डोक्यावरचा रफार, मग क. युनिकोडमध्ये व, काना, र, हलंत, ष, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरला वेलांटी एक घर पुढे ढकलायची आहे आणि रफार उचलून ष च्या आधी नेऊन ठेवायचा आहे, दोन्ही एकाच अक्षराभोवती. साध्या शब्दांत तो हे करतो, पण जोडाक्षर आणि वेलांटी आणि रफार एकत्र आले की चुकतो. म्हणून मी आधी एक शब्दांची चिठ्ठी करून घेतली, वार्षिक, कार्यकारिणी, मूर्ती, स्थिती, चर्चासत्र, दुर्मिळ, आणि पाच मिनिटांत कळलं हा कन्व्हर्टर कुठे कुठे दगा देणार.

सगळ्यात वाईट दगा अर्ध्या र चा. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होऊन येतं. तिथे खाली टिंब असलेला ऱ लागतो, तो नसला की र उडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. मग मी काय केलं, फाइंड इन फाइल्स उघडलं, पूर्ण साइट निवडली, 'र्या' शोध आणि 'ऱ्या' कर, रिप्लेस ऑल. दुसऱ्या, तिसऱ्या, सगळं झक्कास. आणि वर हेडरखाली 'काऱ्यालयीन वेळ'. सूर्याचा सूऱ्या झाला, पर्यायचा पऱ्याय झाला. आणि बंद असलेल्या फाइलींमध्ये केलेला बदल अनडू होत नाही, ड्रीमवीव्हर तसं आधी बजावतंही, पण ती सूचना कोण वाचतो. त्या दिवशीचं काम टाकून दिलं आणि आदल्या रात्रीच्या कॉपीवरून परत सुरुवात.

याला सरसकट उपाय नाही कारण दोन्ही रूपं बरोबर असतात. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. आचार्यांना मानधन दिलं आणि आचाऱ्यांना मानधन दिलं, यात हिशोबाचं खातंच बदलतं. शब्द शब्द बदलायचा, दुसर्या, तिसर्या, सार्या, बर्याच, पुर्या.. अशी तीस-चाळीस शब्दांची यादी केली की नव्वद टक्के काम होतं, बाकी वाचताना. आणि प्रत्येक मोठ्या रिप्लेसच्या आधी फोल्डरची कॉपी, नावात तारीख. नव्या ड्रीमवीव्हरमध्ये गिटही (बदलांची नोंद ठेवणारं साधन) आत आहे, येत असेल तर उत्तमच, नसेल तर तारखेचा फोल्डर हेच आपलं गिट.

पानाचं एन्कोडिंग पेज प्रॉपर्टीजमध्ये टायटल-एन्कोडिंग या भागात दिसतं. यूटीएफ-८ निवडताना खाली बीओएमची (फाइलीच्या सुरुवातीला बसणारे तीन बाइट) टिक असते, ती काढलेली ठेवा, पीएचपीच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या) पानात त्या अदृश्य तीन बाइटांमुळे हेडर आधीच गेले अशी एरर येते आणि कोड कितीही वाचला तरी चूक सापडत नाही.

नवा फॉन्ट म्हणून मी मुक्त घेतला, मुंबईच्या एक टाइपचा, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे. तिथेच तिरो देवनागरी मराठीही आहे, पुस्तकी वळणाचा, मोठ्या लेखांना शोभतो. जुन्या सीएसएसमधल्या दोन गोष्टी मात्र काढा. लाइन हाइट पिक्सेलमध्ये दिलेली असते, १४ वगैरे, त्यात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांच्या घरात घुसतात, १.६ किंवा १.७ असं नुसतं प्रमाण द्या. आणि लेटर स्पेसिंग कुठे असेल तर शून्य करा, देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

हे सगळं झालं, फोनवर वाचून झालं, की मग फॉन्ट टॅग काढा. टूल्समध्ये क्लीन अप एचटीएमएल आहे, त्यात स्पेसिफिक टॅगपुढे फॉन्ट लिहायचं. त्याच डबीत 'ड्रीमवीव्हर स्पेशल मार्कअप' अशी एक निरागस दिसणारी चौकट आहे, तिला चुकूनही टिक करू नका. टेम्पलेटच्या खुणा म्हणजेच तो स्पेशल मार्कअप, टिक केलंत की पान टेम्पलेटपासून सुटलं.

हेडर आणि मेनू

फायरवर्क्सचं काय करायचं हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. त्याची शेवटची आवृत्ती सीएस६, २०१२ ची, पुढच्या वर्षी मे महिन्यात ॲडोबीने सांगून टाकलं की आता पुढे काही नाही. त्याची मूळ फाइल पीएनजी असते पण तिच्यातले थर फायरवर्क्सलाच कळतात, दुसरीकडे उघडली की सपाट चित्र. तेव्हा कुठे चालू फायरवर्क्स मिळालं तर थर वेगवेगळे एक्स्पोर्ट करून घ्या. मला नाही मिळालं. मग सात स्लाइस टाकून दिले, वाचनालयाच्या इमारतीचा एक नवीन फोटो काढला, त्यावर नाव खऱ्या अक्षरांत लिहिलं. पूर्वी नाव चित्रात घालायचो कारण फॉन्टचा भरवसा नव्हता, आता ते कारणच राहिलेलं नाही. आणि ७८० पिक्सेलची रुंदी जिथे जिथे लिहिलीय, ती ८०० बाय ६०० च्या स्क्रीनसाठी होती, ती शोधून काढा, तिच्याऐवजी मॅक्स-विड्थ द्या. स्पेसर जिफ (टेबलात जागा धरायला घातलेलं पारदर्शक चित्र) शोधलंत की उरलेली लपलेली टेबलं आपोआप सापडतात.

माऊस नेल्यावर उघडणारा मेनू एमएम-मेनू नावाच्या जावास्क्रिप्ट फाइलीवर चालतो. तो पूर्ण काढा. फोनला माऊस नसतो. लायब्ररी आयटम म्हणून साधी यादी करा, एका खाली एक लिंक, मोठ्या स्क्रीनवर सीएसएसने आडवी, आणि ती टेम्पलेटमध्ये बसवा. लायब्ररी आयटम अजून तसेच चालतात, एकदा बदलला की सगळीकडे. आमच्या मेनूत पूर्वी अठ्ठावीस लिंक होत्या, उघडत होत्या म्हणून कोणाला दिसत नव्हत्या, एका खाली एक लिहिल्यावर ग्रंथपालांनीच बघून सतरा काढायला सांगितल्या.

फ्लॅशचं काही असेल तर सरळ काढा, २०२० च्या डिसेंबरअखेर ते संपलं. सर्व्हर बिहेवियरने (जुन्या ड्रीमवीव्हरची तयार कोड लिहून देणारी सोय) बनवलेला अभिप्रायाचा फॉर्म असेल तर तो जुन्या मायएसक्यूएल फंक्शनवर चालतो आणि ती फंक्शनं पीएचपी ७ मध्ये काढून टाकलीत, होस्टने पीएचपी बदललं की पान पांढरं. मायएसक्यूएलआय किंवा पीडीओने परत लिहायचा, किंवा आमच्यासारखं फोन नंबर आणि ईमेल लिहून मोकळं व्हायचं.

चढवताना

टेम्पलेट्स आणि लायब्ररी या फोल्डरांवर राइट क्लिक करून क्लोकिंगमधून क्लोक करा, म्हणजे ते सर्व्हरवर जाणार नाहीत. फाइलींची नावं बदलू नका, लोकांनी त्या लिंक साठवलेल्या असतात. आणि चित्रांच्या नावातली कॅपिटल-स्मॉल तपासा, विंडोजला दोन्ही सारखी, लिनक्सच्या सर्व्हरला नाही, घरी दिसणारा फोटो वर चढल्यावर गायब होतो तो बहुतेक जेपीजी कॅपिटलमध्ये असल्यामुळे.

सगळं एकदम चढवू नका. मी आधी 'नवीन' नावाच्या सबफोल्डरात चढवलं आणि ग्रंथपालांना लिंक पाठवली, त्यांनी त्यांच्या फोनवर वाचून चार दिवसांत एकवीस चुका काढून दिल्या, त्यातल्या चौदा र च्या होत्या.